विश्लेषण : संस्कृत शिकवणाऱ्या कुमुद पावडे यांना कौतुकच का बोचले?

नागपूरच्या कुमुद पावडे यांनी दलित समाजातून येऊन संस्कृतमध्ये एमए केले आणि पुढे तोच विषय महाविद्यालयात शिकवला. याचे समाजाला मोठे अप्रूप वाटले. भाषणाआधी परिचय करून देणारे, समारंभात भेटणारे, वर्तमानपत्रांत लिहिणारे सारेच त्यांचे तोंडभरून कौतुक करत. पावडे यांनी मात्र या कौतुकालाच प्रश्न विचारला. मी संस्कृत शिकवते याचे तुम्हाला आश्चर्य का वाटते, असे त्या विचारत. चार दशके उलटली तरी या प्रश्नाचे उत्तर सोपे झालेले नाही.

नागपूर, सीताबर्डी आणि संस्कृतची वाट

नागपूरकराला पुस्तक घ्यायचे असो, कापड घ्यायचे असो की शिकवणी वर्गाचा पत्ता काढायचा असो, तो ‘बर्डीवर’ जातो. सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला १८१७च्या लढाईसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या आसपासच्या भागात शहराचे उच्च शिक्षण रुजले. १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. त्यातले मॉरिस आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जात असले, तरी रिक्षावाल्याला ‘मॉरिस कॉलेज टी पॉइंट’ सांगितले की पुरते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली मुले शिकायला इथे येऊ लागली.

या शिक्षणाची दारे कागदोपत्री सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात कुणी कोणता विषय घ्यावा, याचे अलिखित नियम होते. संस्कृत हा त्यातला सर्वांत राखीव विषय. १९६०च्या आसपास एका दलित तरुणीने तोच विषय घेऊन एमए केले, तेव्हा शहराने तिच्याकडे वळून पाहिले.

कुमुद पावडे कोण होत्या?

कुमुद पावडे यांचा जन्म १९३८चा, नागपूरचा. माहेरचे आडनाव सोमकुवर. त्या वाढल्या ते नागपूर दलित चळवळीचे मोठे केंद्र होते आणि त्या चळवळीत बायका मागे नव्हत्या. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्याआधीपासून शहरात काम करत होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा कुमुद सतरा-अठरा वर्षांच्या होत्या.

शिकावे, हा आग्रह घरातून आणि चळवळीतून आला. संस्कृतच शिकावे, ही जिद्द मात्र त्यांची स्वतःची. एमए झाल्यावर त्या शासकीय महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. स्त्रियांच्या संघटनात त्या उतरल्या आणि अखिल भारतीय प्रगतिशील महिला संघटना त्यांनी स्थापन केली. १९८१ मध्ये ‘अंतःस्फोट’ हे त्यांचे आत्मकथनपर लेखांचे पुस्तक आले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

संस्कृतच का?

इथे थोडी पार्श्वभूमी लागते. संस्कृत ही केवळ एक जुनी भाषा नव्हती. ती कुणी ऐकावी, कुणी उच्चारावी आणि कुणापासून ती लपवावी, याचे नियम धर्मशास्त्राने घालून दिले होते. वेदाध्ययनातून शूद्र आणि स्त्री दोघांनाही वगळले गेले. अतिशूद्रांचा तर प्रश्नच नव्हता. संस्कृत नाटकातही याचा मागमूस दिसतो. राजा आणि पुरोहित संस्कृत बोलतात, तर राणीपासून दासीपर्यंत बहुतेक स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलतात. जात आणि लिंग या दोन्ही रेषा एकाच भाषेवर ओढल्या गेल्या होत्या.

आधुनिक शाळेतही या रेषा पुसल्या गेल्या नाहीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. तिथे त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने मिळवली. ही गोष्ट दलित वस्त्यांत सर्वांना ठाऊक होती. त्यामुळे एखाद्या मुलीने संस्कृत घेणे, हा विषय निवडण्याइतका साधा निर्णय नव्हता.

पावडे यांनी लहानपणीचा एक प्रसंग लिहिला आहे. वर्गमैत्रिणीच्या घरी मुंज होती. मंत्रांच्या आवाजाने ओढली जाऊन ही मुलगी पाहत उभी राहिली. तुला यातले काय कळते, अशा सुरात तिला हिणवले गेले आणि कुणाची कोण, याची चौकशी झाली. जे ऐकण्यावरून हाकलले गेले, तेच शिकायचे, ही गाठ त्यानंतर पक्की बसली.

विरोध कुणाकुणाचा झाला?

विरोध एकाच दिशेने आला, असे समजणे चुकीचे ठरेल. पावडे यांच्या लेखनाची ताकद अशी, की त्यात माणसे साच्यातून काढलेली नाहीत.

शाळेत संस्कृत शिकवणारे गोखले गुरुजी वेशभूषेवरून जुन्या वळणाचे वाटत. हे आपल्याला शिकवणार नाहीत, अशी भीती मुलीच्या मनात होती. प्रत्यक्षात गुरुजींनी हातचे काही राखले नाही. अगदी आपलेपणाने शिकवले. याउलट पदव्युत्तर वर्गात ज्यांची विद्वत्ता सर्वमान्य होती, अशा पंडिताकडून त्यांना गोड शब्दांतले टोमणे सहन करावे लागले. पहिला माणूस परंपरेचा आणि दुसरा विद्यापीठाचा. उदारपणा मात्र अपेक्षेच्या उलट ठिकाणी निघाला. केवळ शिक्षण वाढले की जात आपोआप गळून पडते, या समजुतीला हा अनुभव छेद देतो.

शिपाई आणि कारकुनापर्यंत अनेकांनी सरकारी सवलतींवरून शेरे मारले. या टोमण्याची जातकुळी आजही ओळखीची वाटेल. मुलगी गुणांच्या जोरावर पुढे गेली तरी तिच्या यशाचा उगम सवलतीत शोधायचा, अशी ती खोड आहे.

ओळखीच्या, आपल्या माणसांचे म्हणणे आणखी वेगळे. हे आपल्याला झेपणारे नाही, बाबासाहेबांनाही जी भाषा शिकू दिली नाही ती तुला कोण शिकू देणार, अशी त्यांची काळजी होती. त्यामागे मत्सर नव्हता, अनुभव होता. तरीही परिणाम एकच, मुलीने मागे फिरावे. दूरचा माणूस हिणवून मागे ओढतो आणि जवळचा काळजीने. दोघांचे हात पदराच्या एकाच टोकाला असतात.

नोकरी कुणाला मिळाली?

एमएला त्यांना उत्तम यश मिळाले. कौतुकाची फुले पडली. मग सुरू झाली नोकरीची वणवण. विषय दुर्मीळ, गुण चांगले, तरी मुलाखतीतून हात हलवत परतावे लागले. दलित मुलगी संस्कृत शिकवणार, ही कल्पनाच काही निवड समित्यांना हास्यास्पद वाटली. दिल्लीपर्यंत पत्रे गेली. आश्वासने आली, नेमणूक आली नाही. या रिकाम्या काळाची लांबी जवळपास दोन वर्षे होती.

दरम्यान त्यांचा मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला. कुमुद सोमकुवर यांच्या कुमुद पावडे झाल्या. त्यानंतर शासकीय महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळाली.

स्वतःच्या आयुष्यातल्या या योगायोगाकडे पावडे यांनी अत्यंत थंडपणे पाहिले आणि त्यातून निघालेला निष्कर्ष लिहून ठेवला. नोकरी मिळाली ती सोमकुवरला नव्हे, तर पावडे या नावाला. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते आणि लोकांच्या लेखी तिची जातही बदलते. म्हणजे प्राध्यापकपदाचे श्रेय तिच्या अभ्यासाला नसून नवऱ्याकडून आलेल्या, वरच्या समजल्या जाणाऱ्या नावाला गेले. माहेरची मुलगी होती तिथेच राहिली.

मराठीत स्त्री आणि जात यांच्या नात्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण हे दोन्ही जोखड एकाच यंत्राचे दोन दात आहेत, हे इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल. बाईची स्वतःची ओळख पुरुषाच्या नावात विरघळते, हा पितृसत्तेचा नियम. त्या नावातून जात वाचली जाते, हा जातिव्यवस्थेचा नियम. नेमणूकपत्रावर हे दोन्ही नियम एकत्र सही करून गेले.

मग कौतुक का बोचले?

टोमणे मारणाऱ्याशी भांडता येते. कौतुक करणाऱ्याशी कसे भांडणार? पावडे यांच्या लेखनातला हा सर्वांत अवघड मुद्दा आहे आणि त्यांच्यावर झालेल्या टीकेचे मूळही काही अंशी इथेच आहे.

त्यांचे म्हणणे सोपे करून सांगायचे तर असे. जोशी किंवा कुलकर्णी आडनावाच्या बाई संस्कृत शिकवतात, तेव्हा कुणी आश्चर्यचकित होत नाही. त्यांच्या व्याकरणाचे, अध्यापनाचे, ग्रंथांचे कौतुक होईल. त्या संस्कृत शिकवतात या वस्तुस्थितीचे होणार नाही. पावडे यांच्या बाबतीत नेमके उलटे घडे. त्या काय शिकवतात, कसे शिकवतात, कालिदासाबद्दल त्यांचे मत काय, हे विचारायच्या आधीच टाळ्या वाजत. टाळ्या वाजून झाल्या की विषय संपे.

म्हणजे कौतुक अभ्यासाचे नव्हते, जन्माचे होते. अशा जन्माची बाई इथपर्यंत पोहोचली, याचे ते होते. आणि पोहोचणे हे नवल ठरले, म्हणजे न पोहोचणे हा नियम ठरला. ज्या नियमाने तिला अडवले, तोच नियम या कौतुकाने नकळत पुन्हा लिहिला. हेटाळणी म्हणते, तुझी जागा इथे नाही. अप्रूप म्हणते, तुझी जागा इथे नव्हती तरी तू आलीस. वाक्य बदलले, जागा मात्र दोन्हीकडे तशीच.

कौतुक करणाऱ्यांची बाजू काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्यांनी मनापासून शाबासकी दिली, त्यांनाही जातीयवादी ठरवायचे का? शतकानुशतके बंद असलेले दार एका मुलीने उघडले, ही घटना ऐतिहासिक होती. तिची नोंद घेऊ नये का? पुढच्या मुलींना त्यातून बळ मिळत नाही का? प्रत्येक शाबासकीकडे संशयाने पाहिले, तर माणसे बोलायचीच बंद होतील.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पहिलेपणाची नोंद व्हायलाच हवी. स्वतः दलित समाजातही त्यांच्या यशाचा अभिमान बाळगला गेला आणि त्या अभिमानाचा अर्थ वेगळा होता. ‘आपल्यातली’ आणि ‘त्यांच्यातली’ या दोन शब्दांत सगळा फरक येतो.

या वादात एक कसोटी उपयोगी पडते. कौतुकानंतर पुढचा प्रश्न विचारला जातो की नाही, हे पाहावे. तुम्ही संस्कृत शिकलात, मग त्या ग्रंथांबद्दल तुमचे काय मत झाले, असे कुणी विचारले तर तो संवाद ठरतो. पावडे यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार होते आणि ते गुळगुळीत नव्हते. या भाषेतल्या सौंदर्यावर त्यांचे प्रेम होते आणि त्याच भाषेतल्या शास्त्रांनी बायकांना आणि दलितांना काय दिले, याचा हिशेबही त्यांना मांडायचा होता. पहिले ऐकायला सभागृह उत्सुक असे. दुसरे सुरू झाले की चुळबुळ होई. विदुषी म्हणून गौरव चालत होता, विदुषीने निष्कर्ष काढलेला चालत नव्हता.

असे आधी कुणाच्या वाट्याला आले?

पावडे यांच्या अनुभवाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी एका तरुण मराठी स्त्रीच्या संस्कृत ज्ञानाने थक्क होऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या. त्या पंडिता रमाबाई. पुढे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर पुस्तक लिहिले, ख्रिस्ती धर्म स्वीकारला, विधवांसाठी शारदासदन काढले. मग त्याच समाजातून त्यांच्यावर प्रखर टीका झाली. ‘केसरी’ने शारदासदनावर टीकेची झोड उठवली. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारकही संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. श्लोक म्हणणारी रमाबाई सरस्वती होती. प्रश्न विचारणारी रमाबाई परकी झाली.

विदर्भातलेच दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. त्यानंतर साऱ्या स्त्रीजातीवर होणाऱ्या शेरेबाजीने संतापून त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापला. दुर्गुण म्हणून बायकांच्या माथी जे मारता, ते पुरुषांत अधिक नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुस्तकाची हेटाळणी झाली. महात्मा फुले यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली आणि टीकाकारांना सुनावले. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. निबंध जवळपास विस्मरणात गेला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला, तेव्हा ९३ वर्षे उलटली होती.

१९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातले त्यात उघडपणे लिहिलेले होते. खळबळ उडाली आणि चर्चेचा मोठा भाग या नावामागे कोण दडले आहे, याचा शोध घेण्यातच खर्ची पडला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या, हे नंतर कळले.

या तिघींची जात, वर्ग, काळ वेगळा. आलेली प्रतिक्रियाही वेगवेगळी, कुठे कौतुक आणि मग बहिष्कार, कुठे हेटाळणी आणि मग मौन, कुठे कुतूहल. त्यात एक धागा मात्र समान दिसतो. बाईने काय म्हटले, यापेक्षा म्हणणारी बाई कोण, यावरच जास्त शाई खर्च झाली. पावडे यांच्या बाबतीत ‘कोण’ या प्रश्नाला जातीची आणखी एक बाजू होती, इतकाच फरक.

स्त्री चळवळीशी मतभेद कशावरून?

१९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती चळवळीने जोर धरला. हुंडाबळी, बलात्कार, घरातला हिंसाचार हे प्रश्न रस्त्यावर आले. लग्नानंतर बाईने आपले नाव का बदलावे, हाही त्यातला एक प्रश्न. शहरी, उच्चवर्णीय स्त्रीसाठी माहेरचे नाव राखणे हा स्वातंत्र्याचा उच्चार होता. कुमुद सोमकुवरसाठी गणित इतके सरळ नव्हते. तिने नाव राखले असते, तर नोकरीची दारे आणखी किती काळ बंद राहिली असती, कोण जाणे. एकाच मागणीचा अर्थ दोन बायकांसाठी दोन टोकांचा होऊ शकतो, हे या एका उदाहरणातून स्पष्ट होते.

पावडे यांच्यासह अनेक दलित स्त्री कार्यकर्त्यांचा आक्षेप दुहेरी होता. स्त्री चळवळीचे नेतृत्व उच्चवर्णीय, त्यामुळे ‘स्त्री’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी बाई त्यांच्यासारखीच. दुसरीकडे दलित चळवळ आणि दलित साहित्य यांत पुरुषांचाच आवाज मोठा. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि मराठी साहित्य हादरले. पण दलित बाईचे घर, शिक्षण, नवरा, सासर यांची गोष्ट तिच्या तोंडून ऐकायला ‘अंतःस्फोट’, मग १९८६ मध्ये बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही पुस्तके यावी लागली.

मंडल आयोगाच्या अंमलबजावणीविरोधात १९९० मध्ये आंदोलन पेटले. त्या वेळी दिल्लीत काही विद्यार्थिनींनी आम्हाला बेकार नवरे नकोत, अशा आशयाचे फलक धरले होते. आपला नवरा आपल्याच जातीचा असणार आणि नोकरी त्याच्याच हक्काची, हे त्यात गृहीत होते. ज्या जातींना आरक्षण मिळणार होते, त्यांतही बायका आहेत, हे त्या फलकांवर कुठेच नव्हते. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी हा प्रसंग जात आणि लिंगभाव यांच्या गुंत्याचे उदाहरण म्हणून नोंदवला आहे.

या वादाला पुढे सैद्धांतिक रूप आले. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे बोलतात, अशी मांडणी केली. त्याच वर्षी दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी स्त्रीवादाकडे दलित दृष्टिकोनातून पाहण्याचा आग्रह धरला. छाया दातार यांनी त्यावर आक्षेप नोंदवला. वेगळे व्यासपीठ काढल्याने स्त्रियांची एकजूट दुबळी होते का, की एकजुटीच्या नावाखाली काहींचा आवाज दाबला जात होता, हा या चर्चेचा गाभा. तो वाद आजही मिटलेला नाही. पण यातली प्रतिक्रिया वेगळ्या जातीची होती, हे ध्यानात घ्यायला हवे. इथे मुद्द्याला मुद्द्याने उत्तर दिले गेले. पावडे यांना हवे होते ते हेच.

जगात इतरत्र काय घडत होते?

‘अंतःस्फोट’ आले त्याच वर्षी, १९८१ मध्ये, अमेरिकेत बेल हुक्स यांचे कृष्णवर्णीय स्त्रिया आणि स्त्रीवाद यांवरचे पहिले मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत आणि काळ्या पुरुषांच्या चळवळीत काळी बाई कुठेच दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीने या दुहेरी अन्यायाला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हे नाव दिले. वंश आणि लिंग यांचे अन्याय एकमेकांना छेदतात आणि छेदबिंदूवर उभ्या असलेल्या बाईला कायदा ओळखतच नाही, असा त्याचा अर्थ.

नागपूरच्या प्राध्यापक बाईंनी नेमणूकपत्र हातात घेऊन जे लिहिले, ते याच छेदबिंदूचे वर्णन होते. त्यासाठी त्यांच्याकडे तयार संज्ञा नव्हती, दोन आडनावे होती.

पावडे यांच्या लेखनाचे पुढे काय झाले?

१९९२ मध्ये अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या मराठी दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनात पावडे यांचा संस्कृतविषयीचा लेख अनुवादित होऊन आला. तेव्हापासून तो अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. २००६ मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथातही ‘अंतःस्फोट’ला स्थान मिळाले. १९९६च्या डिसेंबरमध्ये चंद्रपूरला विकासवंचित दलित महिला परिषद झाली. २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, असा प्रस्ताव तिथे आला. १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तो हा दिवस. आता दरवर्षी अनेक ठिकाणी तो साजरा होतो. ज्या भाषेत स्त्री आणि शूद्रांवरची बंधने लिहिली गेली, ती भाषा शिकून वाचणारी बाई विदर्भात होऊन गेली आणि बंधनांच्या ग्रंथाचे दहन स्त्रीमुक्तीशी जोडणारा प्रस्तावही विदर्भातूनच आला. या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत.

आज याचा संबंध काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की बर्डीच्या चौकांत शिकवणी वर्गांचे फलक लागतात आणि वर्तमानपत्रांत यशोगाथा छापल्या जातात. घरकाम करणाऱ्या आईची मुलगी, रिक्षाचालकाची मुलगी, झोपडपट्टीतली मुलगी असे मथळे ओळखीचे आहेत. हे मथळे देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. त्या मुलीच्या आईचा फोटो छापून येतो, वस्तीत पेढे वाटले जातात, एखादा दाता पुढे येतो. हे सारे मोलाचे आहे.

तरी पावडे यांचा प्रश्न इथे लागू होतो. डॉक्टरच्या मुलाच्या बातमीत त्याला कोणता विषय आवडतो, पुढे काय संशोधन करायचे आहे, हे लिहिले जाते. मोलकरणीच्या मुलीच्या बातमीत आई किती घरांत भांडी घासते, याची मोजदाद होते. मुलीला गणितात काय आवडते, हे विचारायचे राहून जाते. दोन-तीन वर्षांनी ती कुठे आहे, तिला नोकरी मिळाली का, मुलाखतीत तिला काय ऐकावे लागले, याची बातमी सहसा होत नाही. पावडे यांची वणवण टाळ्यांनंतरच सुरू झाली होती.

कौतुक बंद करा, असा याचा अर्थ नाही. टाळ्या वाजवून झाल्यावर खुर्ची पुढे सरकवावी आणि ती काय म्हणते ते ऐकावे, मग पटले तर मान्य करावे आणि नाही पटले तर वाद घालावा, एवढेच ते मागणे होते. संस्कृतच्या प्राध्यापक कुमुद पावडे यांना श्रोते भरपूर मिळाले. कुमुद सोमकुवर या मुलीचे म्हणणे त्यातल्या किती जणांनी ऐकले, हा प्रश्न मात्र त्यांच्या पश्चातही उरतोच.